बुधवारची उसनी मुलं

१८ नोव्हेंबर २०१३, सोमवार

नऊ! मॅडमनी मोजली. मग पुन्हा मोजली, जणू एखादं मूल बाकाखाली लपलेलं सापडेल.

भागशिक्षणाधिकारी विमला मॅडम माणूस म्हणून चांगल्या. चहा घेतला, तुळशीकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, "सर, जूनमध्ये तुमची शाळा यशवंत सरांच्या शाळेत विलीन होणार बहुतेक. माझ्या हातात नाही. काही वेगळं करून दाखवलंत, तर वर लिहिता येईल मला."

वेगळं म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं. यशवंतची शाळा टेकडीपलीकडे, हळर्णच्या वाटेवर. मोठ्यांना ती जवळ. पहिलीतल्या पोरांच्या पायांना नाही.

मी याच शाळेत शिकलो. तेव्हाही एकच मास्तर होता. आता तो मी आहे. प्रगती म्हणायची ती एवढीच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भाग्यलक्ष्मीचा फोन, थेट लिस्बनहून! आमच्या शाळेची विद्यार्थिनी. साताचा पाढा हिला कधी आला नाही. आता तिथे कुठल्याशा कंपनीचे हिशेब बघते.

"सर, इथे डोंगरातल्या एका गावात लुर्देस नावाच्या बाई आहेत, शिक्षिका. त्यांना परदेशातली एक जोडीदार शाळा हवी आहे. दर बुधवारी व्हिडिओवर भेटायचं, मुलांनी मुलांशी बोलायचं. मी मध्ये बसून भाषांतर करीन. करूया?"

विमला मॅडमचं 'वेगळं' ते हेच की! लगेच हो म्हटलं.

"तुमच्याकडे मुलं किती आता? त्यांच्याकडे बत्तीस आहेत."

मी म्हणालो – तीस.

तोंडातून निघून गेलं. नऊ ऐकून त्या बाईने दुसरी शाळा बघितली असती. मग जूनला कुलूप.

बायकोला, सुमंगलाला सांगितलं. ती नारळ किसत होती. किसणं न थांबवता म्हणाली, "एकवीस कमी पडतत म्हणजे. माझ्याकडे बघू नकात. माझां वय झालां."

२३ नोव्हेंबर, शनिवार

यशवंतकडे गेलो. म्हटलं, बुधवारी दुपारी तुझी थोडी मुलं दे. आधी पोटभर हसला. मग तयार होत म्हणाला, "व्हर रे बाबा. जूनात तुजी नऊ माका मेळतलीच. तोवर भाडां समज."

ज्या शाळेच्या पोटात जायचं, तिच्याकडूनच पोरं उसनी आणायची. देवी सातेरी, तुझी लीला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बाबलीआजोला कोणी सांगितलं कोण जाणे. ऐंशी ओलांडलेला माणूस. सत्याग्रहाच्या दिवसांत पेडण्याच्या ठाण्यावर पोर्तुगीज शिपायांनी मारलेला, त्याची पाठ अजून सरळ होत नाही. काठी आपटत शाळेत आला. पोर्तुगीजांना तो अजून पाकलेच म्हणतो. मुलांसमोरच –

"कृष्णनाथा! पाकल्यांक हांगासून घालवपाक आमी हाडां मोडून घेतली. आनी तू तांकां परत हाडता? ते पण शाळेत?"

"आजो, ते येत नाहीत. नुसते पडद्यावर दिसतात."

"पयल्यान तशेच येतत," म्हणाला आणि गेला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

झालं. कसं झालं ते लिहितो.

आमच्याकडे मोबाइलचा सिग्नल फक्त सातेरीच्या देवळाच्या सभामंडपात येतो. तेव्हा पंचायतीचा लॅपटॉप देवळात मांडला. तीन वाजता, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी. माझी नऊ पुढे, यशवंतची मागे. गणवेष सगळ्या सरकारी शाळांचा सारखाच, हे एक बरं. देवीकडे पाठ करून बसलो. तिच्याकडे तोंड करायचा धीर झाला नाही.

लुर्देसबाई दिसल्या. पांढरे केस, लाल स्वेटर. मागे पोरंच पोरं. मी खूण केली. मागच्या सगळ्यांनी उठून सवयीने एकसुरात आरोळी दिली – "नमस्ते, यशवंत सर!"

भाग्यलक्ष्मीने भाषांतर करताना ते 'यशवंत' गाळलं. हुशार मुलगी. पाढ्याचं तिला उगाच रागावलो.

बाबलीआजो खांबाला टेकून, पडद्याकडे पाठ करून बसला होता. निषेध म्हणून. बाई "बों दीय", म्हणजे सुप्रभात, म्हणाल्या, तशी म्हाताऱ्याची मान आपोआप वळली. पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक संपेपर्यंत शिकलेला तो! ओठातल्या ओठात उत्तरही दिलं. पुढे तिकडच्या एका पोराने बाईंच्या कानाशी काहीतरी विचारलं, आणि आजो खुदकन हसला.

"मुतारी खंय म्हणून विचारता. आपल्याच शाळेत! पाकले ते पाकलेच."

आमची मुलं घरी जाईपर्यंत हसत होती.

रात्री सुमंगला – "देवीक तरी खरो आकडो सांगलात मां?"

४ डिसेंबर, बुधवार

आज वस्तू दाखवायच्या होत्या. त्यांनी मेज दाखवलं, आमची ओरडली – मेज! त्यांनी खिडकी दाखवली, आमची – जनेल! पाव दाखवला तेव्हा तर दोन्हीकडून एकच गलका. तिकडची पोरं थक्क, शब्द त्यांचेच निघाले.

बाबलीआजो आज सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. म्हणाला, "आमचेच शब्द. जाताना चोरून व्हरले."

१८ डिसेंबर, बुधवार

उद्या गोवा मुक्तिदिन. मुलांचं भाषण पाठ करून घेतलेलं आणि आज बुधवार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! चौथीतली आनंदी उठली आणि बाईंच्या तोंडावर ठणकावून म्हणाली, "साडेचारशे वर्षांच्या जुलमी पोर्तुगीज राजवटीतून आपली भूमी मुक्त झाली!"

मला घाम. भाग्यलक्ष्मीने याचं भाषांतर केलंच नाही. बाईंनी विचारलं, मुलगी काय म्हणते? शेवटी बाबलीआजोने काठी टेकून उभं राहून स्वतःच सांगितलं. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये, पण सगळं. ठाणं, शिपाई, पाठ.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या – आम्हीही असा दिवस पाळतो, एप्रिलमध्ये. त्याच हुकूमशाही सत्तेने आमचीही माणसं तुरुंगात घातली होती. माझे वडील त्यांत होते.

आजो खाली बसला. बराच वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवत होता. निघताना मला म्हणाला, "बायल बरी आसा. पुढल्या बुधवारी कितें?"

नाताळ, म्हणून सुट्टी. त्याला ते पटलं नाही.

३ जानेवारी २०१४, शुक्रवार

भाग्यलक्ष्मीचा निरोप. लुर्देसबाईंना मुलांच्या जोड्या लावायच्या आहेत. एकेका मुलाला तिकडचा एकेक मित्र, वर्षभर. नावं हवीत.

यशवंतची मुलं वर्षभर कशी आणू? नऊ सांगितलं तर बाई जातील, मग जूनमध्ये शाळाही. नाही सांगितलं तर आमची मुलं खोटं बोलायला शिकतील, आणि तेही माझ्याकडून. बाकीचं शिकायला त्यांना किती वेळ लागतो!

५ जानेवारी, रविवार

देवीला कौल लावला. भटांना हळूच म्हटलं, गाऱ्हाणं जरा मनातल्या मनात घाला. ते म्हणाले, "कृष्णनाथबाब, देवीक सगळां आयकू येता. पण माका हळू बोलूक येना." आणि गरजले – "आई सातेरी! तुझां ह्यां लेकरू परक्या मुलखातल्या बायेक तीस मुलां सांगून बसलां. तां तसांच चालू ठेवचां काय?"

मंडपात भजनीमंडळ बसलं होतं. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळा गाव.

मूर्तीला लावलेल्या कळ्यांतली डावीकडची पडली. लगेच! एरवी घटका घटका बसायला लावते. डावी म्हणजे नाही.

सुमंगला – "देवीसमोर खोटां बोललात आणि देवीकच विचारलात, खोटां बोलू काय! कळी पडली न्हय, तिणां फेकून मारली आसतली."

८ जानेवारी, बुधवार

फक्त नऊ बसवली. सांगितलं. भाग्यलक्ष्मीने शब्दाला शब्द सांगितला असावा, कारण बाईंचा चेहरा एकदम बदलला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने पडदा काळा.

मुलांना चणेकुरमुरे वाटले आणि घरी पाठवलं.

९ जानेवारी, गुरुवार

यशवंत भेटला. "माजी पोरां रुसली. विचारतत, आमच्या हातून कितें चुकलां?"

१५ जानेवारी, बुधवार

चारपर्यंत बसलो. पडद्यावर आमचीच तोंडं. बाबलीआजो नवा धुवट सदरा घालून आला होता.

२२ जानेवारी, बुधवार

आल्या! म्हणाल्या, नऊ बरी. नऊजणांची नावं पाठ होतात. आणि खरंच एकेक नाव घेतलं. 'पांडुरंग' म्हणताना जीभ तीनदा अडखळली, पण सोडलं नाही.

त्यांच्याकडची मुलं मात्र आज बरीच कमी होती. थंडी असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

विमला मॅडम आल्या, चप्पल काढून मंडपात मुलांमध्ये बसल्या. आनंदीने तिकडच्या मुलीला मणगणं, म्हणजे आमची चणाडाळीची खीर, कसं करतात ते सांगितलं. नारळाचा रस कधी घालायचा यावर मागून सुमंगलाने दुरुस्ती केली. बाईंनी लिहून घेतलं. मग बाबलीआजो आणि बाई यांचं पावावरून भांडण. आमच्या पाववाल्या पोदेराचा पाव चांगला की त्यांचा. मॅडम रुमाल तोंडाला लावून हसत होत्या.

जाताना म्हणाल्या, "सर, मी जे बघितलं ते लिहीन. आकड्याची काळजी करू नका."

करतोच आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शाळा राहिली!! जोडीदार शाळेशी हा उपक्रम चालू आहे तोवर आमचं विलीनीकरण स्थगित. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं.

देवीची ओटी भरली. यशवंत पेढे खायला आला. "माजी नऊ गेली," म्हणाला, आणि एकाऐवजी चार खाल्ले.

१२ मार्च, बुधवार

भाग्यलक्ष्मीला ऑफिसातून सुटता आलं नाही. बाबलीआजो दुभाषी.

बाई आज एकट्याच. मागे रिकामी बाकं. बराच वेळ बोलत होत्या, आजो नुसती मान हलवत होता. मुलांना खेळायला पाठवून त्याने मला सांगितलं – तिकडच्या शाळेला कुलूप लागून दोन वर्षं झाली. गावात मूलच नाही. किल्ली बाईंकडे राहिली. पडद्यावर दिसायची ती शहरातल्या शाळेची मुलं, बुधवारपुरती बसने आणलेली. आता तीही येणार नाहीत.

बाईंनी विचारलं, बंद करूया का?

बाबलीआजोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या बुधवारी, याच वेळेला, असं सांगून टाकलं.

जोडीदार शाळाच नाही, हे विमला मॅडमना कळवायला हवं. होळी तोंडावर आली आहे, त्यांनाही उसंत नसेल. शिगमो होऊन जाऊ दे.