हेडसरांची शेवटची पदवी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढाच वाकलो आहे, उरलेलं मनानं वाकलो असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, म्हणजे माणसं मरताहेत आणि मी कोरतोय. तुझ्या दोन निरोपांना उत्तर दिलं नाही म्हणून राग धरू नकोस. फोनवर चार अक्षरं लिहायचीही मला हल्ली धास्ती वाटते. का, ते सांगायलाच हे पत्र.

वर्षभरात गिऱ्हाईक कारखान्यात येईनासं झालं आहे. पूर्वी माणूस यायचा, कबरीच्या दगडावरून हात फिरवायचा, रडायचा आणि मग कागदावर नाव लिहून द्यायचा. (त्याचं रडून होईपर्यंत माझी मापं काढून व्हायची.) आता नाव फोनवर येतं आणि त्याला चिकटून अर्धीमुर्धी अक्षरं येतात. एका बाईंनी नवऱ्याचं नाव पाठवून खाली नुसतं 'एएसएपी' लिहिलं. मला वाटलं, दगडाची जात असेल. दोन दिवस मी व्यापाऱ्याकडे त्या दगडाची चौकशी करत होतो. (तो पठ्ठ्याही म्हणाला, पुढच्या आठवड्यात माल येतोय.) त्याचा अर्थ 'लवकरात लवकर' हे सूनबाईनं सांगितलं, तोवर बाईंनी दुसरीकडून दगड बसवूनही घेतला होता.

सूनबाई आमच्या पॉलिशच्या मशीनवर असते. तिनं वहीच्या पानावर यादी करून भिंतीला चिकटवली. टीवाय म्हणजे आभार, टीसी म्हणजे काळजी घ्या, आयडीके म्हणजे मला माहीत नाही, बीआरबी म्हणजे लगेच परत. मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे? आपणही पत्रात 'सा. न. वि. वि.' ठोकत होतोच की. (त्यातल्या दुसऱ्या 'वि.'चा अर्थ मला आजवर कोणी सांगितलेला नाही आणि मीही विचारलेला नाही.) शिकलेलं वापरावं, म्हणून मी वापरायला लागलो. एका औषधवाल्याची आई वारली होती. त्यानं घाईत नुसतं 'आई?' एवढंच विचारलं, म्हणजे आईचा दगड झाला का. मी मागच्या अंगणात बघायला निघालो आणि जाता जाता 'बीआरबी' लिहून टाकलं. तोवर तो फोन घरीच विसरून दुकानात गेला होता, आणि फोन होता त्याच्या म्हाताऱ्या वडिलांपुढे. त्यांनी नातीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "लगेच परत येते." म्हातारा उठून दार उघडायला गेला.

ताई, मी त्याच दुपारी त्यांच्या घरी जाऊन पाय धरले. म्हातारा म्हणाला, "जाऊ दे रे. दोन मिनिटं बरं वाटलं." मारलं असतं तर परवडलं असतं.

इथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मागच्या महिन्यात हेडसर गेले. त्यांना तू ओळखत नाहीस. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं आहे, आणि 'हाताखालून' हे मी शब्दशः लिहितोय, कारण त्या हातात लाकडी पट्टी असे. त्यांचा मुलगा वायरमन आहे. त्यानं शिडीवरूनच मजकूर पाठवला असावा. नाव, तारखा, मग 'बी. ए., बी. एड.' आणि त्याच्याखाली 'टीबीडी'. भिंतीवरच्या यादीत हे नव्हतं. मी म्हटलं, एवढा विद्वान माणूस, दोन पदव्यांवर थोडाच थांबणार? स्वल्पविराम देऊन ओळीतच कोरलं. अक्षरं अशी खोल आणि देखणी उतरली, की क्षणभर मलाच आपण शिकायला हवं होतं असं वाटलं.

दगड बसवला त्या दिवशी सकाळी दफनभूमीत चाळीसएक माणसं होती. कापड बाजूला केलं आणि सगळे वाकून वाचायला लागले. हेडसरांचे जुने सहकारी, निवृत्त उपमुख्याध्यापक, तीनदा चष्मा पुसून म्हणाले, "हे कधी केलं यांनी? मला एका शब्दानं बोलले नाहीत!" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, पत्राद्वारे केलं असेल. आणखी कोणी म्हणालं, फार अवघड असतं ते, शंभरात दोन पास होतात. उपमुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं म्हणावं, तर अंत्यविधीला ते आलं नव्हतं.

मुलगा उशिरा पोचला. त्यानं दगड वाचला आणि मला कोपराला धरून झाडाआड नेलं. म्हणाला, "काका, ते 'टु बी डिसायडेड' होतं. शेवटची ओळ अजून ठरायची आहे, एवढंच सांगायचं होतं तुम्हाला."

मग सगळं कळलं. हेडसरांच्या मुलीला त्या ओळीत 'प्रेमळ पिता' हवं होतं. मुलगा म्हणत होता, मी खोटं कोरू देणार नाही. त्यानं मला बोटांची पेरं दाखवली. दोन पेरं अजून सरळ होत नाहीत. तीन आठवडे भावाबहिणीत बोलणं नव्हतं, आणि आई दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही वाढत होती.

माणसं पांगून दगडापाशी घरचेच उरले, तेव्हा मी त्यांच्यासमोर हात जोडले. म्हटलं, चूक माझी, दगड परत नेतो, नवा करून देतो. तेवढ्यात हेडसरांची बायको पुढे आली. खाली बसून तिनं ती तीन अक्षरं बोटानं चाचपली आणि मुलाला विचारलं, "काय अर्थ आहे याचा?"

त्यानं सांगितला.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं संसार केला. माझंही अजून ठरत नाही. राहू दे ते तसंच."

मुलगी रडायला लागली. मुलगा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "चल, आईला घरी नेऊ." उपमुख्याध्यापकांना अर्थ कोणीच सांगितला नाही. ते आता त्याच पदवीची चौकशी करत हिंडताहेत असं ऐकतो.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुला मघाचाच, अर्धा वाकलेला.

तुझा धाकटा

ता. क. – वर एक गोष्ट लपवली. 'टीबीडी'तला 'बी' संपत आला असताना सूनबाई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ही पदवी नाही." पण दगडावरचं खोडता येत नाही. 'टी. बी.'वर थांबलो असतो, तर हेडसर क्षयानं गेले असं गावभर झालं असतं. गेले ते हृदयविकारानं. म्हणून 'डी' कोरून मोकळा झालो. हे सूनबाईला ठाऊक आणि आता तुला.

ता. क. दुसरा – आपल्या अण्णांच्या दगडावर नावाखाली सहा वर्षं काही नाही. तू म्हणालीस, तुझ्या हातात छिन्नी आहे, तुला हवं ते लिही. तीन वेळा मापं काढली. 'प्रेमळ' लिहवत नाही, आणि दुसरं लिहायला हात धजत नाही. मी जन्मण्याआधी आठ वर्षं ते फक्त तुझे वडील होते. तेव्हा कसे होते, ते कळव. सगळं लिही. ओळीत बसवायचं माझ्यावर सोड.