जयूताईची मागची सीट

प्रिय जयूताई,

सीट अरुंद होती, मान्य. उंच होती, तेही मान्य. मांजरसुद्धा तिच्यावर पाय पसरून बसणार नाही, असं तू म्हणालीस, तेही मान्य. पण मग तू माझ्याशी नीट भांडलीस का नाहीस? सगळा जन्म भांडलीस. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा आश्रमशाळेच्या फाटकापासून घरापर्यंत शिव्या देत आलीस. आणि जिथं भांडायला पाहिजे होतं तिथं "बरी आहे" म्हणून गप्प! हे काय वागणं झालं?

आज गाडी विकली, म्हणून लिहायला बसलो. इथं ओख्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस आला होता. त्यानं टाकी ठोकून बघितली, चाक फिरवून बघितलं. मग मागच्या सीटवर हात फिरवून म्हणतो, "पाछळनी सीट तो नवी ज छे! कोई बेठुं ज नथी के शुं?" मी म्हटलं, नाही, कुणी बसलंच नाही. एकदाच बसलीस तू, ते काय बसणं! मग तो वाकला आणि सीटखालच्या पत्र्यावर बोट ठेवून विचारायला लागला, इथं या दोरीच्या खुणा कसल्या?

त्याला काय सांगणार? तुलाही अजून सांगितलेलं नाही. तेच सांगायचं आहे.

तू म्हणशील, मेल्या, जिवंत होते तेव्हा दोन ओळी लिहिल्या नाहीस, आता कुणाला कागद पाठवतोस? खरं आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलात नाचून गेली, हेही तुझंच. वाचून घे.

तुला गाडी लागायची. ही एकच गोष्ट तुझ्या हातात नव्हती. बस, जीप, टेम्पो, ट्रेन, चार भिंती आणि चाकं आली की तुझा चेहरा हिरवा. नाकाला लिंबू, तोंडात चिंच, खिडकीची जागा, काही उपयोग नाही. गंजाडवरून झरीला माहेरी यायचं म्हणजे तू आदल्या दिवसापासून जेवायची नाहीस. आई म्हणायची, "ही पोर माहेरपणाला येते की उपासाला?"

तुझ्या लग्नाचं आठवतं? वऱ्हाडाच्या टेम्पोत चारोटीपर्यंत तू कसाबसा दम धरलास आणि मग करवलीच्या नव्या साडीवर! नवऱ्याकडच्या बायका किती हसल्या! एक म्हणाली, "नवरीला आत्ताच डोहाळे लागले गं बाई!" दाजींनी टेम्पो थांबवला, मित्राची मोटरसायकल घेतली आणि तुला मागं बसवून निघाले. पुढं तुमची मोटरसायकल, मागून आमचा टेम्पो. तुझ्या मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या आणि तू मागं वळून आम्हाला वाकुल्या दाखवत होतीस. उघड्या हवेत तुला काही होत नाही, हे त्या दिवशी कळलं. पुढं कितीदा म्हणालीस, "लग्नातलं तेवढंच बरं झालं." दाजी ऐकून हसायचे. ती मोटरसायकल मित्राची होती, ती परत गेली.

तुला पोरबाळ झालं नाही, म्हणून सगळा जाच माझ्या वाट्याला. मी बोटीवर खलाशी म्हणून इकडं आलो तर फोनवर रोज चौकशी. काय खाल्लंस? ताडी पितोस का? तो टंडेल मारत नाही ना? टंडेल म्हणजे आमच्या बोटीचा कप्तान, चांगला माणूस आहे, हजारदा सांगितलं. तुझं एकच, "मी येऊन बघितल्याशिवाय खरं मानणार नाही."

"कशी येशील? इथं यायला दोन दिवस लागतात."

"तू मोटरसायकल घे. मी मागं बसते. मला एकदा लांब जायचंय, दिन्या. इतकं लांब, की तिथल्या बायका साडी कशी नेसतात ते बघायला मिळेल. मी कुठं गेले? डहाणूच्या पुढं कुठं गेले?"

आणि त्या पावसाळ्यात, बोटी बंद होत्या आणि मी घरी होतो तेव्हा, तू अकरा हजार माझ्या हातावर ठेवलेस. चिकूच्या गोडाऊनमध्ये पेट्या भरून जमवलेले, दोन बकऱ्या विकून वर टाकलेले. "पुढची सीट तुझी, टाकी तुझी, हॉर्न तुझा. मागची सीट माझी. मी पैसे दिलेत, मी सांगेन तशी पाहिजे."

आणि काय काय सांगितलंस! सीट खाटेसारखी सपाट. धरायला मागं दांडी. पाय टेकायला नीट जागा, लोंबकळायला मी वटवाघूळ आहे का? साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी. आणि थरथर नको, पिठाच्या गिरणीवर बसल्यासारखं दोन दिवस बसणार नाही.

सगळं बरोबर होतं गं. नंतर मी ओख्यावरून घरापर्यंत गाडी चालवली तेव्हा कळलं, की लांबच्या रस्त्याला हेच बघायचं असतं. हॅण्डल उंच पाहिजे, म्हणजे मनगटावर भार येत नाही. पाठ सरळ राहिली पाहिजे. वेग कोण बघतं? तू कधी मोटरसायकलीची चावी फिरवली नाहीस, तरी तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

टंडेल माझ्याबरोबर जामनगरच्या शोरूममध्ये आला होता. तिथं दोन गाड्या बघितल्या. एक साधी, काळी, बुटकी. मागची सीट रुंद, दांडी, जाळी, सगळं तुझ्या मापाचं. टंडेल तिच्यावर मागं बसला, आपलं एवढं मोठं पोट घेऊन, आणि उठेचना. म्हणाला, "टांकी ना जो, सीट जो. बेनने बेसाडवानी छे ने?" टाकी बघू नको, सीट बघ, बहिणीला बसवायचं आहे ना?

दुसरी लाल होती.

ताई, आम्हाला मासळीचा वास येतो. अंघोळ केली तरी येतो. चहाच्या टपरीवर शेजारचा माणूस बाकावरून सरकून बसतो. त्या लाल गाडीवर नुसता बसलो तर शोरूममधल्या दोन पोरांनी वळून बघितलं. एवढंच कारण. दुसरं काही असतं तर सांगितलं असतं. दोन हंगामांचा पगार आणि तुझे अकरा हजार मी त्या दोन पोरांच्या नजरेवर ओतले.

तुला फोटो पाठवले ते सगळे पुढून काढलेले. टाकी, दिवा, हॅण्डल. तू म्हणालीस, "मागची बाजू दाखव." मी म्हटलं, नेटवर्क गेलं. तू परत फोन केलास, मी परत म्हटलं, नेटवर्क गेलं. दोन महिने माझं नेटवर्क जात राहिलं! तुला कळलं होतं ना? कळलंच असणार.

गंजाडला तुझ्या दारात गाडी उभी केली तेव्हा तू हात पुसत बाहेर आलीस आणि तिच्याभोवती एक चक्कर मारलीस.

"दिन्या, माझी सीट कुठाय?"

"ही काय."

"ही? ही तर कुत्र्यानं ढुंगण वर केल्यासारखी आहे. मांजरसुद्धा पाय पसरून बसणार नाही."

दाजी म्हणाले, "बसून तर बघ." बसलीस. दाजींनी हात धरला तेव्हा चढता आलं. महालक्ष्मीच्या देवळापर्यंत गेलो. ब्रेक मारला की तू घसरून माझ्या पाठीवर. गुडघे छातीला, एका हातात साडी, दुसऱ्या हातानं माझा शर्ट. उतरलीस तेव्हा सरळ उभं राहता येईना. मी वाट बघत होतो, आता शिव्या येतील. तू देवळाकडे बघत म्हणालीस, "बरी आहे रे."

बरी आहे! तेव्हाच मला मारायचं होतंस.

तलासरीच्या सीटवाल्याकडे गेलो होतो मी, तुला माहीत नाही. तो म्हणाला, "भावा, गाडीचा सांगाडाच मागून उंच आहे. मी स्पंज घालून काय करू, आणखी उंच करू?" मग हंगाम सुरू झाला आणि मी ओख्याला निघून आलो. जाताना तू म्हणालीस, "पुढल्या वर्षी बघू." कसलं पुढलं वर्ष, ताई?

थंडीत तुझे डोळे पिवळे झाले. आधी झाडपाल्याचं औषध घेतलंस. उतरेना तेव्हा दवाखान्यात सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलात न्या, आजच न्या. दवाखान्याची गाडी दारात आली. दाजी हात जोडत होते. आणि तू खाटेची कड धरून म्हणालीस, "त्या डब्यात मी चढणार नाही. आधीच पोटात काही राहत नाही, वाटेतच मरेन. दिन्याला बोलवा. त्याच्या गाडीवर जाईन." गाडी परत गेली. मी दर्यात होतो. तिथं फोन लागत नाही. तू पाच दिवस वाट बघितलीस.

सहाव्या दिवशी सकाळी बोट धक्क्याला लागली आणि फोन वाजला. दाजींनी तुझ्या कानाला लावला. तुझा आवाज म्हणजे विहिरीतून आल्यासारखा. "दिन्या, तू ये. त्या सीटवर बसेन मी. कशी का असेना."

आणि मी काय म्हणालो? "थांब ताई, मी येतो."

मी म्हणायला पाहिजे होतं, ती गाडी परत बोलवायला सांग आणि चढ, ओकलीस तरी चढ. दाजी माझ्याच शब्दाची वाट बघत होते. तू माझं ऐकशील असं त्यांना वाटत होतं, आणि ऐकलंस! एरवी माझं एक अक्षर ऐकलं नाहीस. शाळा सोडू नको म्हणालीस, मी सोडली, मग मी तरी तुझं काय ऐकलं? पण तू, तू कशाला ऐकलंस? थांब म्हटलं आणि थांबलीस!

आता दोरीचं सांगतो.

मी लगेच निघालो नाही. दुपारपर्यंत सीट करत बसलो. मनात एकच होतं, या सीटवर आजारी माणूस बसणार कसं. टंडेलानं बोटीवरची फळी कापून दिली. ती मागं आडवी टाकली, वर माझी गोधडी चौघडी करून घातली, पाठीला टेकू म्हणून जाळं तरंगतं ठेवायचे बोये कापडात गुंडाळले, आणि सगळं जाळ्याच्या दोरीनं आवळलं. आम्ही खलाशी, गाठ मारता येते आम्हाला. टंडेल बसून बघून म्हणाला, "आता बरोबर." खरंच बरोबर होती, ताई. खाटेसारखी सपाट. टेकायला जागा. तू सांगितलेली सीट शेवटी तयार झाली, आणि ती करताना माझा अर्धा दिवस गेला.

तीन वाजता निघालो. रात्री राजकोटच्या पुढं एका पंपावर दोन तास पडलो, उजाडायच्या आत पुन्हा निघालो. भरूचच्या अलीकडे पेट्रोल भरत होतो तेव्हा फोन आला. दुपार होती, ऊन होतं. घरापर्यंत अजून चार तास. म्हणजे तो अर्धा दिवस वाया घातला नसता तर मी तुझ्यापाशी असतो.

दाजी एवढंच म्हणाले, "दिन्या, आता घाई करू नको. सावकाश ये."

सावकाश आलो. सगळे माझी गाडी बघत होते. तुझ्या चुलत सासूनं विचारलं, "हे काय बांधून आणलंस?" मी दोरी सोडायला लागलो, गाठ सुटेना, माझीच गाठ. दाजींनी कोयती आणून कापली. त्यांनी गोधडी काढली, झटकली आणि तुला ठेवलं होतं तिथं अंगाखाली घातली. तुला नेलं तेव्हाही ती तुझ्याखालीच होती. लाकडाची फळी मात्र अजून दाजींच्या पडवीत उभी आहे. ते टाकत नाहीत, मी मागत नाही.

दाजी मला काही बोलत नाहीत. तेच सोसत नाही. तू असतीस तर बोलली असतीस.

टंडेल म्हणतो, गाडी विकू नको, देवाच्या मनात होतं. देवाच्या मनात लाल गाडी होती का? या पावसाळ्यात घरी जायचं की नाही, ठरत नाही. झरीला आई आहे, जावं लागेल. पण गंजाडला कोणाकडे जाऊ? तिथं दारात उभं राहून माझ्या गाडीला कुत्र्याचं ढुंगण कोण म्हणणार?

तुला एक वचन देतो, फार मोठं नाही. "थांब, मी येतो" असं मी इथून पुढं कुणाला म्हणणार नाही. आईला सांगून ठेवलंय, तुला काही झालं तर मिळेल त्या गाडीत चढ, माझी वाट बघू नको. ती म्हणाली, "असं पोरगा आईला बोलतो का?" बोलतो. मी बोलतो.

पुढची सीट, टाकी, हॉर्न माझे होते, ते विकायचा मला हक्क होता. मागची सीट तुझी होती. तीही विकली, तुला न विचारता. तेवढे पैसे तुझ्या घरी परत जायला पाहिजेत. दाजी नको म्हणतील, म्हणून त्यांना विचारलंच नाही, सरळ त्यांच्या खात्यात टाकतोय. ते त्याचं काय करणार, मला माहीत नाही. लांब कुठं जायला तर त्यांना आता कुणी नाही.

तुझाच,
दिन्या

आज पाठवले, मागच्या सीटचे: रुपये अकरा हजार.