शिटी, घरघर आणि चेअरमनसाहेबांचा गाल

सीबीडी-बेलापूर, नवी मुंबई
८ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप दिनानाथमामांना अभिरामचा वाकून नमस्कार. (पेशंटच्या तोंडात बघून बघून मी आता कायमचाच वाकलेला असतो, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत.)

तुमची प्रकृती कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? सांगलीत थंडी अजून टिकून आहे असं आईकडून कळलं. तुमच्या दवाखान्यातल्या त्या दात कोरायच्या, पायाने चालवायच्या यंत्राचा पट्टा पुन्हा तुटला आणि तुम्ही तो पुन्हा चांभाराकडून शिवून आणला, हेही तिनेच सांगितलं. ऐकून बरं वाटलं. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे इमारत उभी आहे, दवाखाना तळमजल्यावरच आहे आणि पाटीवरचं माझं नाव अजून कुणी पुसलेलं नाही.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. २२ तारखेच्या रविवारी मी सांगलीला यावं, तुमचे मित्र कृष्णातराव यांच्या ऋताला पाहून जावं, मुलगीही दातांचीच डॉक्टर आहे आणि पोहे मामी स्वतः करणार आहेत, असं तुम्ही लिहिलंत. पत्र वाचून मन भरून आलं. त्याचं उत्तर या पत्रात देतोच आहे. पण त्याआधी दवाखान्यात घडलेला एक प्रकार सांगणं भाग आहे. तो सांगितल्याशिवाय उत्तराचा उलगडा व्हायचा नाही. (आणि तो सांगता सांगता उत्तर द्यायचं धैर्य येईल, अशीही एक आशा आहे.)

दवाखाना सुरू करताना तुम्ही मला समोर बसवून सांगितलं होतं, की हत्यार दात बघून निवडावं, स्वतःची हौस बघून नव्हे. दाताचं टणक कवच कापायचं तर हवेवर फिरणारा एअरोटर. आतली मऊ कीड खरवडायची तर विजेचा मायक्रोमोटर आणि त्याला तो मान वाकडी केलेला हँडपीस, म्हणजे हातात धरायचा दांडा. आणि हिरडी उघडून हाडात रुतलेली अक्कलदाढ काढायची असेल तर मायक्रोमोटरलाच सरळ हँडपीस लावायचा. तिथे एअरोटर कदापि नाही, कारण त्याची हवा उघड्या हिरडीतून कातडीखाली शिरते. एवढं सांगून तुम्ही स्वतःचा सरळ हँडपीस, मामींनी शिवलेल्या खणाच्या पिशवीत घालून, माझ्या हातात ठेवलात. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

पण मामा, आमच्या सोसायटीत हँडपीस दातावरून ठरत नाही, घड्याळावरून ठरतो. एअरोटरला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर लागतो आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की पहिल्या मजल्यावरच्या लोकांच्या पलंगाखाली कुणीतरी पापड कुटतंय असं त्यांना वाटतं. वर एअरोटरची शिट्टी वेगळीच. मायक्रोमोटर बिचारा गरीब, नुसता घरघरतो. पण तो सुरू झाला की सगळ्या इमारतीच्या टीव्हींवर तिरप्या रेघा उमटतात. हे बरेच महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक केबलवाल्याला शिव्या घालत होते आणि त्यांच्याबरोबर (दात कोरता कोरता) मीही घालत होतो. शेवटी आमचे चेअरमन रावसाहेब यांनी छडा लावला. रावसाहेब म्हणजे रिटायर्ड माणूस, मूळचे साताऱ्याकडचे, शिस्तीचे इतके की सोसायटीच्या जिन्यातही डाव्या बाजूनेच चढतात. ते तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसले आणि मुलीला माझ्या दवाखान्याच्या दारात उभं केलं. मी मशीन चालू केलं की ती जिन्यात तोंड वर करून "चालू!" म्हणून ओरडायची, बंद केलं की "बंद!" वरून रावसाहेब "रेघा!" आणि "गेल्या!" असं कळवायचे. खुर्चीत पेशंट नव्हता, तरी मी गंभीर चेहऱ्याने अर्धा तास हवेत मशीन फिरवत होतो. त्या मुलीचं नाव क्षिप्रा. ती वाशीला बँकेत आहे. ओरडता ओरडता तिला हसू आवरेना आणि मला मशीन बंद करवेना. आमची ओळख अशी झाली.

त्यानंतर जनरल बॉडीत ठराव झाला. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळात कॉम्प्रेसर, म्हणजेच एअरोटर, बंद. संध्याकाळच्या मालिका आणि भारताची मॅच चालू असताना मायक्रोमोटर बंद. मी विरोध करेन म्हणून सभासद तयारीनिशी आले होते. मी ठरावाला अनुमोदन दिलं. (सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, तुम्हाला नीट ऐकू आलं ना?) त्या दिवसापासून माझी डॉक्टरकी वेळापत्रकावर चालली आहे. जवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या गोजराबाई सकाळी मासळी विकतात, त्यांना सवड दुपारचीच. त्यांची दाढ म्हणजे निव्वळ कातळ, तिथे एअरोटरच हवा. पण वर मंडळी झोपलेली, म्हणून मी ती मायक्रोमोटरने घासत बसलो. घासतोय, घासतोय. शेवटी बाईंनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, "डाक्टर, माजा दात हाय का पाटा? कवाधरनं टाकी लावतंस!" मी त्यांची माफी मागितली, आणि वरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तीही हळू आवाजात.

आता मुख्य भागाकडे येतो. क्षिप्राने आणि मी लग्न करायचं, हे आमचं दोघांचं ठरून वर्ष उलटून गेलंय. रावसाहेबांना मी सांगायचं, असंही ठरलं होतं. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचो, चहा प्यायचो, पाण्याच्या टाकीबद्दल त्यांचं म्हणणं ऐकायचो, त्याला हो म्हणायचो आणि खाली यायचो. भीड भिकेची बहीण, हे तुम्ही मला लहानपणापासून ऐकवत आलात, पण या बहिणीला मी इतकी वर्षं घरात पोसलं आहे की ती आता जायचं नाव काढत नाही.

गेल्या महिन्यात रावसाहेबांची खालची उजवी अक्कलदाढ सुजली. आडवी, हाडात रुतलेली. रविवारी सकाळी ते खुर्चीत बसले. मी इंजेक्शन दिलं, हिरडी उघडली आणि तुमच्या पिशवीतून तुमचा सरळ हँडपीस काढला. रावसाहेबांनी हात वर केला. मॅच चालू होती. "डॉक्टर, ठराव विसरलात? शिटीवालं घ्या." मी म्हणालो, "साहेब, या कामाला हे मशीन..." ते म्हणाले, "चेअरमनच नियम मोडायला लागला तर सोसायटी कशी चालायची?" मामा, मला सगळं माहीत होतं. तुमचे शब्द कानात होते, पुस्तकातलं पान डोळ्यासमोर होतं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब." आणि एअरोटर उचलला.

दाढ निघाली, खोटं कशाला बोलू. पण ती निघेपर्यंत रावसाहेबांचा उजवा गाल टम्म फुगला होता. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. हात लावला की आतून पापडासारखा कुरकुर वाजे. कॉलेजातल्या सरांना फोन केला. ते आधी मला मनसोक्त बोलले, मग म्हणाले, हवा आपोआप जिरेल, अँटिबायोटिक दे, नाक शिंकरू देऊ नकोस आणि रोज गाल बघत जा. आरशात बघून रावसाहेब काही बोलले नाहीत. (बोलता येत नव्हतं.) बाहेर बाकावर गोजराबाई बसल्या होत्या. त्या उभ्या राहून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "आगं माय! जाल्यानला केंड मासा असाच फुगतं. आत गेला तवा तर बरा व्हता यो मानूस!" एवढं बोलून माझ्याकडे एकदा बघितलं, टोपली उचलली आणि दिवाळ्याचा रस्ता धरला. त्यांची दाढ तशीच अर्धी घासलेली आहे.

गाल आठवड्यात उतरला. पण त्या संध्याकाळी क्षिप्रा खाली आली, तेव्हा ती चिडलेली नव्हती, शांत होती, आणि तेच वाईट. तिने एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं ना हे मशीन चुकीचं आहे?" मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "तू बाबांना नाही म्हणू शकत नाहीस. सोसायटीला नाही म्हणू शकत नाहीस. मामांनी मुलगी बघून ठेवली, त्यांनाही अजून उत्तर दिलेलं नाहीस. सगळ्यांनाच हो म्हणतोस, अभिराम. मग मला हो म्हणालास, ते तरी खरं कशावरून?" आणि ती वर निघून गेली. मामा, मला रडू आलं. इतक्या जणांचे दात उपटले, कुणी मला एवढं दुखवलं नव्हतं. कारण तिचं बरोबर होतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. आणि मागच्या रविवारी रावसाहेब पुन्हा हजर, डावी अक्कलदाढ घेऊन. (दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते तर शिटीवालं मशीन त्यांनीच निवडलं होतं हे कबूल करावं लागलं असतं.) पुन्हा मॅच होती. पुन्हा इंजेक्शन झालं, पुन्हा मी तुमचा हँडपीस काढला, पुन्हा त्यांचा हात वर आला. मी तो हात धरला आणि खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. म्हणालो, "नाही साहेब. हाडाला हेच मशीन. नाहीतर दाढ राहू दे." माझाच आवाज ऐकून मी दचकलो. घरघर सुरू झाली आणि वरच्या चारही मजल्यांवरून एकदम बोंब उठली. कुणीतरी दार वाजवायला लागलं. मी आतून ओरडलो, "रेघांतून बघा!" दाढ दोन तुकड्यांत, सुबक निघाली. गाल जागच्या जागी.

मग कापसाचा बोळा ठेवून सांगितलं, अर्धा तास घट्ट दाबून धरा, तोंड अजिबात उघडायचं नाही. आणि त्या अर्ध्या तासात मी त्यांना क्षिप्राबद्दल सगळं सांगितलं. (खरं सांगायचं तर अशी संधी पुन्हा आली नसती. ते मघाचं 'नाही'सुद्धा त्यांची जीभ बधिर झाल्यावरचंच आहे, हेही नमूद करतो.) त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग घड्याळ बघितलं, बोळा काढला, नीट कागदात गुंडाळून डब्यात टाकला आणि म्हणाले, "दर रविवारी टाकीबद्दल बोलायला येत होतात, तेव्हाच संशय आला होता. टाकीत एवढा रस कुणाला नसतो. मुहूर्त कुठलाही धरा, फक्त मॅचचा दिवस नको." क्षिप्रा दारातच उभी होती. तिने जिन्यात तोंड वर करून "चालू!" म्हणून हाक दिली. वर तिची आई होती. तिला काही कळलं नाही, पण मला कळलं.

तर असा हा प्रकार. मामींना नमस्कार. तुमचा हँडपीस रोज तेल घालून, पिशवीत घालून ठेवतो.

तुमचा आज्ञाधारक (आजपर्यंत तरी),
अभिराम

ता. क. २२ तारखेबद्दल लिहायचं राहूनच गेलं. त्या दिवशी सोसायटीची सभा निघण्याचा संभव आहे. शिवाय गाडीचं रिझर्वेशन कठीण, आणि मला हल्ली पोहे पचत नाहीत. तरी तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हाला योग्य वाटेल तसं ठरवावं.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी क्षिप्राने पत्र वाचायला मागितलं. वाचून तिने ते माझ्यासमोर ठेवलं, वरच्या ता. क. वर बोट ठेवलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. म्हणून पुन्हा लिहितो. मामा, नाही. मी ऋताला बघायला येणार नाही. त्या चांगल्याच असतील, पण मी क्षिप्राशी लग्न करणार आहे. साखरपुड्याला तुम्ही आणि मामी पुढे होऊन उभे राहिलात तर मला सगळं मिळालं.

रागवायचं असेल तर अवश्य रागवा, तुमचा तो हक्कच आहे. पण कृपा करून पत्राने रागवा. फोनवर मी लगेच हो म्हणून बसेन.