अंजिराचा लेप

२० नोव्हेंबर १९९६

आमच्या घरी आता देव सकाळी सात वाजता बोलतो!

आमचे हे — सुकदेवराव — अंघोळ करून पाटावर बसतात. मांडीवर बायबल, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात यांच्या शेजारच्या मागावर काम करणाऱ्या रामदासने दिलेलं. डोळे मिटायचे, पुस्तक उघडायचं, बोट टेकवायचं. बोटाखाली येईल तो आजचा हुकूम. माझी सासू धुळ्याला पोथीत असाच कौल काढायची. देव बदलला, बोट तेच.

आज बोट पडलं एका आजारी बाईच्या गोष्टीवर. येशू तिला म्हणतो, तुझ्या विश्वासानेच तू बरी झालीस. झालं! यांनी पुस्तक मिटलं आणि क्षयाच्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. "माले आते गोया नही लागतस."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, मधेच सोडलंत तर आजार उलटेल, मग या गोळ्याही लागू पडणार नाहीत. पण नर्सबाईंचं नाव पडलं पुस्तकाबाहेर.

२१ नोव्हेंबर

हे कामावर गेल्यावर मीही बोट टेकवलं. निघालं काय? तंबूच्या पडद्यांचं माप! लांबी इतकी, रुंदी इतकी, निळं सूत, जांभळं सूत. देवसुद्धा कापडधंद्यात! सुरतेत त्याला कोणीही कामाला ठेवील. नवऱ्याच्या छातीचं काय करू, ते मात्र पडद्यात लिहिलेलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

इंदुबाई आल्या होत्या. नवापूरकडच्या, दर रविवारी आमच्या डिंडोली वस्तीत प्रार्थना घेतात. मी त्यांना भांडायलाच बोलावलं होतं. तर त्याच यांच्यावर चिडल्या! गोळ्या सोडा असं कुणी सांगितलं, म्हणाल्या. यांनी बोट दाखवलं.

मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, साडी घेताना नुसता पदर बघता का? अख्खी उलगडता ना? हे पुस्तकही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कापड आहे."

यांनी मान डोलावली. गोळ्या घेतल्या नाहीत. इंदुबाई काय, माणूसच. बोट म्हणजे प्रत्यक्ष देव!

म्हणजे उलगडायचं माझ्याच नशिबी. मी सातवी पास, आणि पानं हजारावर.

९ डिसेंबर

घरी साड्यांचे धागे कापता कापता वाचते. वाटलं होतं, पारायणासारखं सात दिवसांत उरकेल. सात दिवसांत पुस्तकातले लोक इजिप्तमधून बाहेरसुद्धा पडले नाहीत. भाऊच भावाला विकून मोकळे. आमच्या भाऊबंदकीत काही नवीन नाही तर!

पण ते पडदे! माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहत होती, म्हणून देव म्हणाला, माझाही तंबू तुमच्यातच ठोका. मागचं वाचलं तेव्हा कळलं. आता त्या पडद्यांचं हसू येत नाही, याचाच राग येतो.

यांचा खोकला परत आलाय. घामाने उशी भिजते. मयुरी पाच वर्षांची, तीही विचारते, बाबांना पुन्हा काय झालं? मला भीती वाटते.

२२ डिसेंबर

सापडलं! एक राजा दुखण्याने मरणाला टेकलेला. भिंतीकडे तोंड करून रडतो. देव म्हणतो, ऐकलं मी, तुला बरा करतो. — आणि तरी देवाचा माणूस काय सांगतो? अंजिराचा लेप आणा आणि गळवावर लावा! खुद्द देवाने शब्द दिलेला, तरी लेप हवाच!

सरळ सांगून ऐकतील तर ते सुकदेवराव कसले. ते पान उघडलं आणि मधल्या शिवणीवर दुपारभर वरवंटा ठेवला. आता पुस्तक कसंही उघडा, तिथेच उघडतं. देवाला थोडी मदत केली, एवढंच.

२३ डिसेंबर

बोट पडलं, बरोब्बर लेपावर! हे वाचत बसले, बराच वेळ. मग उठून फळीवरचा डबा काढला आणि म्हणाले, चल, दवाखान्यात जाऊ. मी पदर तोंडाशी धरून हसले. उद्या जायचं ठरलं.

२४ डिसेंबर

नर्सबाई यांना भरपूर ओरडल्या. फार बरं वाटलं! थुंकी तपासायला दिली. औषध आता पहिल्यापासून घ्यावं लागेल.

परत येताना हे हळूच म्हणाले, "पान तूच दाबं ना? लसूनना वास शे त्याले."

वरवंटा धुवायचा राहिला होता!

मग दवाखान्यात आलात कशाला, मी विचारलं. म्हणाले, वास आला तसं बोट उचललं. म्हटलं, हिने एवढा खटाटोप केला तर बघू तरी. मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं. त्या राजाला देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली.

"पंधरा वरीसमा आपली मयुरी वीसनी व्हई. तितलं पुरे माले."

२५ डिसेंबर

पंधराच? मागायलासुद्धा लाजतो हा माणूस!

हे झोपले होते. मी पुस्तक उघडलं नाही, बोट टेकवलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि जास्त मागितलं.