कठड्यावरचे रुमाल

ओबरआख, तिरोल
९ ऑक्टोबर १९६७

चि. वेवीस,
अ. उ. आ.

तुझी गाडी बोगद्यात शिरली आणि मी घरी येऊन लगेच लिहायला बसले. गाई ठीक आहेत. तुझी ब्लास्ल मला पाहून लाथा झाडते, पण मीही तिच्या मालकिणीचीच बहीण आहे, बघून घेईन. तेव्हा गाईंचं निमित्त काढून मध्येच परत यायचं नाही.

कशासाठी गेली आहेस ते विसरू नकोस. डावा कान गेला तेव्हा देवाची मर्जी म्हणून आपण गप्प बसलो. आता उजवाही वर्षभरात मिटेल असं इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी तू रडली नाहीस. घरी येऊन रेडिओला कान लावून बसलीस. आजवर शनिवारचा ऑपेरा तू गोठ्यात, दुधाच्या बादल्यांच्या खणखणाटातच ऐकलास. एकदा तरी समोर उभी राहून ऐक. बाकीचं शहर पाहिलंस तर उत्तम, नाही पाहिलंस तर शहराचं काही अडणार नाही.

तुझे भावोजी सेप म्हणतात, रस्त्यात भेटेल त्याला नमस्कार करत सुटू नकोस, नाहीतर एक चौक ओलांडायला संध्याकाळ होईल. आणि व्हिएन्नाचा माणूस गोड बोलायला लागला की पाकीट सांभाळ. माझं सांगणं एवढंच, की पोटभर खा.

लोभ आहेच. तो कधी मागितला नाहीस, तरी पुरून उरेल एवढा आहे.
तुझी ताई,
वाल्बुर्गा

—

व्हिएन्ना
११ ऑक्टोबर १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी सुखरूप आहे. सेंट स्टीफनच्या चर्चमध्ये तुमच्या दोघांच्या नावाने मेणबत्ती लावली. आत आपल्या चर्चइतकंच गार आहे, फक्त त्यात आपलं अख्खं गाव मावेल आणि वर हिवाळ्याचा चाराही. प्राटरच्या बागेतल्या आकाशपाळण्याच्या मोठ्या चक्रात बसले. डब्यात मी एकटीच. वर गेल्यावर चक्र थांबलं तेव्हा आपले डोंगर शोधले, एकही दिसला नाही. माणसं इतक्या सपाट जागी झोपतात कशी कोण जाणे. कॉफीच्या दुकानात काळा कोट घातलेले एक गृहस्थ आले. मला वाटलं कोणी सरदार, म्हणून उठून उभी राहिले. त्यांनीही गंभीरपणे मान लववली आणि काय आणू म्हणून विचारलं. केक मात्र असा होता की तुझी आठवण आली, आणि तुझ्या वाटणीचाही मीच खाल्ला.

आता मुख्य गोष्ट. काल ऑपेराला गेले. बसायच्या जागा कधीच्याच संपल्या होत्या, उभ्याने ऐकायचं तिकीट मिळालं. आत शिरले तर कठड्याला ओळीने रुमाल, मफलर, स्कार्फ बांधलेले, आणि माणूस औषधालाही नाही. ताई, वाटेत कोणाचा हातमोजा सापडला तर आपण काय करतो? कुंपणाच्या खुंटावर लावून ठेवतो, मालकाला येता-जाता दिसावा म्हणून. मला वाटलं, किती भली माणसं ही, हरवलेलं एवढं जपून बांधून ठेवतात! पण दिवे मालवल्यावर ते कोणाला दिसणार? म्हणून मी सगळे सोडवले, नीट घड्या घातल्या आणि कोट सांभाळणाऱ्या बाईंकडे नेऊन दिले. त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, माझं कौतुक वाटलं त्यांना.

वर आले तर रणकंदन माजलेलं. ती त्यांची जागा धरायची रीत होती! दुपारपासून रांगेत उभं राहायचं, रुमाल बांधायचा आणि मग निवांत खाऊन यायचं. परत येऊन बघतात तर कठडा मोकळा आणि मागून आलेले पुढे उभे. दोन आजीबाई छत्र्या उगारून एकमेकींवर धावल्या. हे कोणी केलं, असं एका धिप्पाड बाईंनी गर्जून विचारलं. मी हात वर केला. त्यांनी मला जे ऐकवलं त्यातलं निम्मं डाव्या बाजूने आलं, हे माझं नशीब.

मी शरमेने बाहेर पडले. आत वाद्यं जुळवत होते, तेवढंच कानावर पडलं. शनिवारी परतीची गाडी आहे. तोवर बागा बघेन, पण तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही. माझ्या नशिबी रेडिओच होता म्हणायचं.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वेवी

—

ओबरआख
१२ ऑक्टोबर १९६७

चि. वेवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सेपना वाचून दाखवलं. हसता हसता त्यांना असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. मीही हसले. मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि माझं हसू पळालं.

अगं वेडाबाई, तू चूक केलीस, चोरी नाही. हे पत्र मिळताच परत जा. त्या धिप्पाड बाईंना सांग की आमच्या डोंगरात अशी रीत आहे. आणि कानाचंही सांग. तू कोणाला सांगत नाहीस, कारण उपकार घ्यायचे म्हटलं की तुझ्या अंगावर काटा येतो. जन्मभर दुसऱ्यांचे हातमोजे खुंटावर लावलेस. एकदा कोणी तुझ्यासाठी काही केलं तर बिघडलं कुठे?

यात माझाही स्वार्थ आहे. उद्यापरवा मला तुझ्या कानाशी बोंबलतच दिवस काढायचे आहेत. माझा आवाज काही कोकिळेचा नाही. त्याच्याआधी तिथे काहीतरी चांगलं जाऊन बसू दे.

पत्र तातडीच्या टपालाने टाकते आहे. न ऐकता आलीस तर स्टेशनवर न्यायला येणार नाही.

रागावले आहे, पण लोभात खोट नाही.
ताई

—

व्हिएन्ना
१३ ऑक्टोबर १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आणि मी बहुधा एकाच गाडीने येऊ. तरी लिहिते, कारण तोंडाने सांगायला गेले तर रडू येईल.

तुझ्या धाकाने गेले. रांगेत त्याच धिप्पाड बाई दिसल्या. नाव येलिनेक, ट्राम चालवणाऱ्याच्या विधवा. मला पाहताच त्यांनी आपला स्कार्फ छातीशी घट्ट धरला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, की रुमाल सांभाळा, तिरोलवाली आली. रांग खदखदली. मी मान खाली घालून हातमोज्यांचं सांगितलं. मग कानाचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

येलिनेक बाईंनी फक्त कोणता कान चालू आहे ते विचारलं. दार उघडल्यावर माझा हात धरून अशा धावल्या की माझे पाय जमिनीला लागले नसतील. पुढच्या ओळीतली बरोबर मधली जागा त्यांची. बारा वर्षांत ती त्यांनी कोणाला दिली नव्हती म्हणे. तिथे त्यांनी माझा रुमाल बांधला आणि स्वतः माझ्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. का, तर त्यांना मध्येमध्ये बडबडायची खोड आहे आणि त्या बाजूला ती मला सोसावी लागणार नाही. उजवीकडच्या गृहस्थांना त्यांनी खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या म्हणून बजावलं. ते बिचारे खरोखरच खोकून आले.

ताई, रेडिओवर बाई गाते तेव्हा नुसता आवाज येतो. इथे तिने गाण्याआधी श्वास घेतला तो मला ऐकू आला. मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला. दिसेना फारसं, पण मी काही बघायला आले नव्हते. दुसऱ्या अंकात कठडा हातात थरथरायला लागला. गाणं लाकडातून येत होतं. कान मिटला तरी ही वाट उघडी राहील असं तेव्हा वाटलं, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझी भीती गेली. देवाचे आभार मानले, तुझे मानले, आणि ज्यांचे रुमाल सोडले होते त्या सगळ्यांचेही मानले.

शेवटी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ऐकलेलं वाहून जाईल असं वाटलं. मी झटकन उजव्या कानात बोट घातलं. येलिनेक बाईंनी ते पाहिलं. माझा दुसरा हात धरून त्यांनी मला जिन्यावरून, गर्दीतून, ट्रामच्या रस्त्यावरून थेट मी उतरले आहे त्या घराच्या दारापर्यंत आणून सोडलं. वाटभर त्या बोलत होत्या, मला एक अक्षर कळलं नाही. दारात मात्र मी कानातलं बोट काढलं. त्यांचा निरोप ऐकायचा राहू नये म्हणून.

आहे तो लोभ असाच राहू दे; मी येतेच आहे.
तुझी,
वेवी