हातभर सांधा

ता. ६ जानेवारी

चि. पाणकोंबडीस,
अ. उ. आ.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू गिळतेस, म्हणून पत्र. लिहिणारा हात नेहमीचाच, शेजारच्या शिंपीणबाईचा. पाठीला हवेची टाकी बांधून माणसं हौसेने समुद्राच्या तळाशी जातात आणि तू त्यांना वाट दाखवतेस, हे वाचून तिला हसू आवरेना. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही, हा म्हणे तुमचा पहिला नियम. आमच्यात तो मोडला तरच माणूस वर यायचा.

पण ज्या बुडालेल्या होडीवर तू पाहुणे नेतेस ती तुझ्या आजोबांची, हे ऐकून जीव खालीवर झाला. चाळीस वर्षं झाली. त्या दिवशी सुकाणू शिंपीणबाईच्या वडिलांच्या हाती होतं. माणसं पोहून आली, पण होडी खडकावर घातली म्हणून सगळ्या किनाऱ्याने त्यांना नावं ठेवली. पुन्हा कुणी त्यांच्या हाती सुकाणू दिलं नाही.

एक काम कर. डाव्या अंगाला, मागच्या टोकाजवळ, तळापासून तिसरी फळी. तिथे खडकाने भोक पडलंय का बघ. सहज विचारते.

माया आहेच, ती पत्राने वाढत नाही. जेवत जा.
तुझी आजी (अंगठा)

ता. १९ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

काम केलं. रविवारी पाहुणे नव्हते, म्हणून मी आणि माझी मैत्रीण उतरलो. एकटीने उतरायचं नसतं. पाणी कोमट आणि स्वच्छ होतं. होडीचा वरचा भाग किड्यांनी खाऊन चाळण केलाय. इंजिनाच्या लोखंडात एक जाडजूड मासा राहतो आणि घरमालकासारखे डोळे वटारतो. पण गेल्या वादळात वाळू सरकली आणि इतकी वर्षं गाडलेल्या खालच्या फळ्या उघड्या पडल्या, डांबरासकट.

भोक नाही. साधा ओरखडासुद्धा नाही. मी बोटांनी एकेक सांधा चाचपला. सगळीकडे फळ्यांच्या फटीत पाणी अडवायला ठोकलेला कापूस अजून घट्ट बसलाय. फक्त तू सांगितलेल्या तिसऱ्या फळीखाली हातभर सांधा रिकामा आहे. वरून डांबराचा हात मारलेला, आत कापसाचा धागा नाही. सुरीचं पातं सरळ आत गेलं. पाणी तिथूनच शिरलं, आजी. होडी कुठे आपटलीच नव्हती.

शिंपीणमावशी, तुम्हीच वाचताय ना? तुमच्या वडिलांचा दोष नव्हता. ज्याने तो सांधा भरायचा सोडला तो कामचुकार. आजी, कोण होता गं तो?

आहे तसा लोभ राहू दे.
तुझी पाणकोंबडी

ता. २८ जानेवारी

चि. पाणकोंबडीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोष नव्हता, इथे शिंपीणबाई थांबली. चष्मा पुसून तीच ओळ पुन्हा वाचली. मग तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि मलाच विचारू लागली, कोण होता हो, आठवतं का?

आठवतं. तो नव्हता, ती होती. आपल्या होडीचे सांधे मी भरायची. कापसाची वात वळायची, फटीत ठोकून बसवायची, वरून डांबर. होडी बुडाली त्याच्या आदल्या दिवशी तुझे आजोबा चारचौघांत म्हणाले, हिचा हात म्हणजे कासवाची बहीण. मला राग आला. शेवटचा हातभर सांधा तसाच ठेवून मी वर डांबर फासलं आणि झालं म्हणून उठले. होडी परवा सुटणार होती, उद्या खरवडून भरू म्हटलं. पण मासा आल्याची वर्दी आली आणि पहाटेच होडी लोटली. मी काठावर उभी होते. एक हाक मारली असती तर थांबली असती. पण मग सगळ्यांदेखत काम अर्धवट असल्याचं कबूल करावं लागलं असतं. हातभरच तर आहे, म्हटलं.

पुढे हिचे वडील स्वतःच म्हणू लागले, खडक लागला असेल, मला कळलं नसेल. मी गप्प राहिले.

हे सांगताना शिंपीणबाईची लेखणी दोनदा थांबली. मी म्हटलं, बाई, गाळू नकोस, जसं आहे तसं लिही. ती लिहिते आहे.

तुझी आजी (अंगठा)

ता. १७ फेब्रुवारी

चि. पाणकोंबडीस,
अ. उ. आ.

हे अक्षर औषधाच्या दुकानदाराचं. तुला लागलं तर तुझं नशीब. तुझं पत्र आठ दिवस उशाशी पडून होतं, वाचायला कुणी नव्हतं. या वयात मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहितेस. लावून घ्यायला चाळीस वर्षं होती, तेव्हा नाही घेतलं.

काल जाळी विणायच्या छपराखाली गेले. शिंपीणबाईच्या वडिलांना नावं ठेवणारे तिघेचौघे म्हातारे अजून तिथे बसतात. त्यांना सगळं सांगितलं. दोघांना ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. एक म्हणाला, वहिनी, आता उकरून काय उपयोग? मी म्हटलं, नावं ठेवताना उपयोग विचारला होतास का?

संध्याकाळी शिंपीणबाई आली. आत ये म्हटलं, आली नाही. उंबऱ्याबाहेरून एकच विचारलं, बाबा नंतर तुमच्याकडे येत होते का?

खोटं तोंडाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, यायचे. दर महिन्याला यायचे, पायरीवर बसायचे आणि आमच्या ह्यांची माफी मागायचे. आणि मी चहाचा कप त्यांच्या हातात देऊन म्हणायची, जाऊ द्या हो, आम्ही कधीच माफ केलं.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. तुला जमेल तेवढाच असू दे.
तुझी आजी (अंगठा)