माझं खोटं मयत

अद्वासो,
सोमवार, १४ ऑगस्ट २०१७

चि. बारिमास आईचे अनेक आशीर्वाद.

तू आणि घरची मंडळी खुशाल असाल. इकडे सगळं ठीक. यंदा यामचे कंद चांगले आलेत, शेजारच्या फोफीमावशीचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि मी जिवंत आहे. हे शेवटचं तुला एव्हाना कळलंय, तरी माझ्या अक्षरात तुझ्यापाशी असावं म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र तुझ्याच ड्रायव्हरच्या, एबोच्या हाती पाठवतेय. तो आत्ता अंगणात फुफूचा गोळा खातोय. त्याच्या कपाळावर टेंगूळ आलंय, ते आमच्यामुळे. त्याची हकीकत पुढे येईलच.

अरे, काय शनिवार गेला म्हणून सांगू! एबोचं खाणं उरकायच्या आत लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

तू गेल्यापासून गावात एक नवी पीडा सुरू झाली होती. कुणाचं मयत असलं की पोस्टर लागतं, त्यावर फोटो, वार, वेळ, घराचा ठावठिकाणा. ठरल्या दिवशी घराला कुलूप लावून झाडून सगळे मैदानावर. म्हणजे चोराला आवतणच की! इकडे माणूस मातीत जायचं आणि तिकडे घर साफ व्हायचं. फोफीची आई गेली तेव्हा फोफी मैदानावर छाती बडवून रडत होती, आणि घरातून आईची केंटेची पेटी गेली. नातींना द्यायची म्हणून म्हातारीनं जन्मभर जपलेली वस्त्रं! फोफी परत आली, उघडं दार बघितलं आणि उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "आबेना, आता मी रडू कुणासाठी? आईसाठी की पेटीसाठी?"

त्या दिवसापासून माझ्या शिवणाच्या दुकानात दुसरा विषयच नव्हता. मयताचं काळं-लाल कापड शिवायला बायका माझ्याकडेच येतात, आणि प्रत्येकीच्या पोटात भीती. शेवटी एक दिवस फोफीनं सुई खाली ठेवली.

"चोर पोस्टर वाचून येतो ना? मग त्याला एक पोस्टर वाचू दे."

"कुणाचं?" मी विचारलं.

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"माझ्याकडे काय बघता गं मेल्यांनो?"

"तुझ्याकडे विजेवरची मशिनं आहेत, अर्ध्या गावाचं कापड आहे, आणि राहतेस एकटी. चोराला आणखी काय पाहिजे?"

"शिवाय वयही शोभतंय," फोफी म्हणाली. तिला मी टेप फेकून मारला.

पण मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. फोफीसुद्धा चकित झाली.

गावच्या राणीआईंच्या कानावर घालणं भाग होतं. त्या आधी खवळल्याच. जित्या माणसाचा फोटो मयताच्या पोस्टरवर! "मरणाला नाव घेऊन हाक मारतेस, ते आलं म्हणजे कळेल," म्हणाल्या. पण त्यांच्या बहिणीचंही घर फुटलं होतं. शेवटी म्हणाल्या, "कर. पण काम झालं की माझ्यासमोर बसून मरणाचं नाव लागलेला जीव धुऊन घ्यायचा."

मग मी आजारी पडले, धाकट्या मावशीकडे कोनोंगोला गेले आणि तिकडे मेले. पोस्टर छान झालं होतं. फोटो तुझ्या बापानं काढलेला, डोक्याच्या निळ्या रुमालातला. त्या फोटोत मी जरा जास्तच देखणी आहे. खाली लिहिलं, देह शनिवारी सकाळी परस्पर मैदानावर येईल. ते पोस्टर तिकडे तुझ्या ताकोराडीपर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक. हल्ली लोक फोनवरून काय काय धाडत असतात.

शुक्रवारी डोक्यावरून काळं कापड घेऊन, काठी टेकत, कुणाच्या तरी आजीसारखी मी माझ्याच मयताला आले. बसमध्ये शेजारी बसलेली बाई माझ्याबद्दलच बोलत होती. "शिवायची छान, पण जीभ मोठी तिखट." मी मान डोलावली. काय करणार?

शनिवारी सकाळी गाव मैदानावर गेलं. मांडव, खुर्च्या, कर्णे, सगळं जय्यत. नेहमीचाच मांडववाला आमोआ, तुला आठवत असेल, गालावर खळी पडणारा. आदल्या दिवशी खुर्च्या मांडताना तो माझ्या नावानं डोळे पुसत होता म्हणे. इकडे घराला बाहेरून कुलूप, आत मी, आणि परसातल्या चुलीच्या खोलीत फोफी आणि चौघी बायका, फुफू कांडायची मुसळं घेऊन. फोफी एकसारखी फटीतून विचारत होती, "आला का?" मी म्हणे, "तू गप्प बसशील तर येईल."

आणि गाडी आली!

फाटक वाजलं, दोन माणसं काहीतरी जड ओढत आणतायत असा आवाज आला. फोफीला दम कुठला? मुसळ उगारून सगळ्याजणी बाहेर. "चोर! चोर! आईची पेटी कुठंय, बोल!" तुझ्या एबोच्या कपाळावर पहिला दणका तिथे बसला. तो बिचारा ओरडतोय, "अहो मावशी, ही शवपेटी आहे, शवपेटी! ताकोराडीहून आणलीय, मुलानं पाठवलीय!"

फोफीचं मुसळ हवेतच राहिलं.

मी आतून कडी काढून परसदारानं बाहेर आले. एबोनं मला बघितलं, पोस्टरवरच्या फोटोशी ताडून बघितलं आणि मटकन खाली बसला. त्याच्या सोबत्याला तर गेटपाशी जाऊन पकडावं लागलं. मी विचारलं, "कुठल्या मुलानं?" मला मूल एकच आहे, तरी विचारलं.

एबो म्हणाला, "बारिमा मेस्त्रीनं. स्वतः केलीय. आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही."

आईची शवपेटी लेकानं द्यायची, ही आपली रीत. पण तू देशील असं मला वाटलं नव्हतं, बारिमा. खरंच नव्हतं वाटलं.

पेटी ओट्यावर ठेवून चालणार नव्हतं, चोर बिचकला असता. ती माजघरात आणवली, गाडी परसामागे लपवली, एबोला हळद लावून बायकांबरोबर बसवला. मी आत एकटी. आणि मग मला राहवेना. झाकणावर हात फिरवला. ओदूमचं लाकूड, आणि त्यावर माझी कात्री कोरलेली, एका पात्याचं टोक तुटलेलं आहे तेसुद्धा! झाकण बाजूला केलं. आतलं अस्तर तूच शिवलंयस ना? कोपऱ्यात टाका डावीकडे झुकतो. लहानपणी माझ्या मशिनपाशी बसून शिवायचास तेव्हाही झुकायचा. किती वेळा उसवायला लावलं होतं तुला.

म्हटलं, बघावं तरी आत कसं वाटतं. लेकानं केलीय, एकदा जिवंतपणी वापरू दे. चढले आणि पडले आत. लाकडाचा ताजा वास येत होता. तुझ्या बापाच्या सुतारखान्यात यायचा तोच. मी डोळे मिटले. चोरबिर सगळं विसरले.

तेवढ्यात कुलूप तुटल्याचा आवाज आला.

पावलं माजघरात आली आणि थबकली. मयताच्या दिवशी शवपेटी घरात कशी, ती तर मैदानावर हवी, हे त्याला उमगेना. तो वाकून बघायला लागला. मी डोळे उघडले. वर आमोआ! मांडववाला आमोआ! गालावरच्या खळीसकट!

मला काय सुचावं? दारी आलेल्याला आपण काय म्हणतो तेच तोंडातून निघालं. उठून बसले आणि म्हटलं, "ये बाबा. आधी पाणी घे, मग काय काम काढलंस ते सांग."

अरे, काय किंकाळी फोडली त्यानं! मागे सरकला तो झाकणावर आपटला, उठला तो मशिनवर, बोबडी वळलेली, "आबेनाआई, माझं चुकलं, घेऊन जाऊ नका मला" म्हणत रांगत दारापर्यंत गेला. दारात पाच मुसळं आणि एबो. त्याच्या पिकअपमध्ये मांडवाच्या कापडाखाली रिकाम्या पेट्या होत्या, माझं घर भरून न्यायला. कुणाचं घर कधी रिकामं होणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि मैदानाकडून मांडवाची कापडं भरलेली गाडी आली तर कोण अडवणार? त्याला हाताला धरून मैदानावर नेलं. पुढे आमोआ, मागे मुसळं, आणि सगळ्यांत मागे मी, जिची सगळे वाट बघत होते.

बारिमा, तू तिथे असायला हवा होतास! कर्णे बंद पडले. कुणी खुर्ची टाकून पळालं. कुणी माझ्या पायावर लोळण घेतली. मग जो हशा उठला, जो नाच सुरू झाला, तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. आमोआच्या गोदामात फोफीच्या आईची पेटी सापडली, कुलूपसुद्धा न फोडलेली. फोफी आता खरी रडली, नीट, आईसाठी. काल राणीआईंनी मला पांढरं नेसवून समोर बसवलं, कुस्करलेला याम आणि उकडलेली अंडी भरवली आणि माझा जीव माझ्या स्वाधीन केला.

आता उरलेलं सांगते.

एबो म्हणाला, तू गाडीत होतास. तिठ्यावर मक्याची केंकी विकणाऱ्या केंकीवालीपाशी उतरलास, म्हणालास, पुढे व्हा, मी मागून चालत येतो. नाच सुरू असतानाच मी त्याला तिठ्यावर पिटाळलं. केंकीवाली म्हणाली, काळे कपडे घातलेला एक उंच माणूस दगडावर बसून होता, कर्णे बंद का झाले म्हणून विचारत होता. ती म्हातारी जिवंत निघाली, असं कुणीतरी ओरडत गेलं. तो माणूस हसला, मग तोंडावर हात घेऊन रडला, आणि आलेल्या पहिल्या गाडीत बसून परत गेला.

राग आलाय तुला, हे कळतं. यायलाच हवा.

तुझ्या बापाच्या मयताला त्याच्या भाच्यानं सुतारखान्याला कुलूप ठोकलं, रीतीनं तो भाच्याचाच होता, लेकाचा नाही. विधवेनं तेव्हा तोंड उघडायचं नसतं, आणि मी उघडलं नाही. तू म्हणालास, "आता तुझ्या मरणाचा निरोप आला तरच या गावात पाय ठेवीन." मी ते वाक्य रोज ऐकलंय, मशिन चालू असतानाही. पोस्टरवर माझा फोटो लावायचं निघालं तेव्हा मी लगेच हो का म्हटलं, ते आता तुला कळलं असेल. चोर या गावचा. मग ताकोराडीत सुतारगल्लीत, तुझ्या दुकानासमोरच्या भिंतीवर, पोस्टर कशाला लागेल? फोफीच्या भाच्याकडून मीच लावून घेतलं. चोर सापडला याचा आनंद आहेच. पण त्या दिवशी मी आत बसून पावलं ऐकत होते ती चोराची नव्हती.

एबो बोलताबोलता असंही बोलून गेला की तुझ्या धाकटीचं नाव आबेना आहे. सूनबाईला माझा आशीर्वाद सांग.

तर आता कामाचं. पेटी सुरेख झालीय, पण लांब झालीय. माझे पाय टोकापर्यंत पोचतच नाहीत, मध्ये एक उशी मावेल. तू मनातल्या आईचं माप घेतलंस, आणि मी तेवढी राहिले नाही रे. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली, ही गोष्ट मला कळते. माप पत्रानं घेता येत नाही, फोनवरही नाही. अंगाला टेप लावावा लागतो.

टेप घेऊन ये. धाकटीलाही आण, मी तिचं फ्रॉकचं माप घेईन, तू माझं घे. तोवर पेटी माजघरातच आहे, आणि मी बाहेर.

अजून न मेलेली,
तुझी आई
आबेना द्वोमो